लंडनची म्युझियमं: फुकट कुठे संपतं आणि खर्च कुठून सुरू होतो

लंडनमधलं हॉटेलचं भाडं, ट्यूबचं (भुयारी रेल्वेचं) तिकीट आणि साध्या कॉफीची किंमत रुपयांत मोजली की माणूस यादीतली एकेक गोष्ट खोडायला लागतो. म्युझियमं मात्र खोडू नका. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (सगळे त्याला व्ही अँड ए म्हणतात), नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, टेट मॉडर्न, टेट ब्रिटन, इम्पीरियल वॉर म्युझियम. या सगळ्यांचा कायमचा संग्रह पाहायला एक पेनीही लागत नाही. आपल्याकडे तिकीटखिडकीवर परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा, भला मोठा दर लिहिलेला असतो. इथे तो प्रकार नाही. पासपोर्ट कोणी विचारत नाही.

ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं आणि तेव्हापासून जवळजवळ सतत फुकटच आहे. बाकीच्यांपैकी काहींनी १९८०च्या दशकात तिकीट लावून पाहिलं होतं, पण डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय म्युझियमांच्या कायम संग्रहाला तिकीट राहिलं नाही. यातला ‘कायम संग्रह’ हा शब्द लक्षात ठेवा. त्याच इमारतीत एका बाजूला जे तात्पुरतं मोठं प्रदर्शन लागलेलं असतं, त्याला माणशी साधारण २० पौंड पडतात. पैसे जातात ते अशा कडेकडेच्या गोष्टींवर: प्रदर्शन, प्रवास, खाणं, सामान, आणि घाईत दाबलेलं ‘डोनेशन’चं बटण.

एक सवयही मोडावी लागते. फुकट आहे म्हणून सगळं पाहून घ्यायचं, असं आपलं मन सांगतं. करायचं नेमकं उलटं. तिकीट काढलेलं नाही, म्हणजे वसूल करायचं काही नाही. दीड तासात तीन-चार दालनं पाहायची, बाहेर पडायचं आणि वाटलं तर परवा पुन्हा यायचं. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एकाच म्युझियममध्ये फिरणारी मंडळी तीन वाजता पाय धरून कॅफेत बसतात, आणि दिवसाचा सगळ्यात मोठा खर्च तिथेच होतो.

फुकटचं तिकीट काढायची रीत

फुकट असूनही बऱ्याच ठिकाणी वेळ ठरवून तिकीट काढलेलं चांगलं. सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमला तर काढाच. ब्रिटिश म्युझियमलाही काढा, कारण गर्दीच्या दिवशी तिकीटवाल्यांना आधी सोडतात. व्ही अँड ए आणि नॅशनल गॅलरीत साध्या दिवशी तसंच आत गेलं तरी चालतं.

म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जायचं, सर्वसाधारण प्रवेश निवडायचा, दिवस आणि वेळ टिपायची, माणसं किती ते भरायचं. लहान मुलांचीही संख्या भरा. तान्हं बाळ असेल तर त्याचा रकाना वेगळा असतो. पुढच्या पानावर देणगी येते, आणि तिथे बहुतेक वेळा ५ किंवा १० पौंडांची चौकट समोर असते. ती बदलून शून्य करता येते किंवा ‘आत्ता नको’ असं काहीतरी असतं, नीट शोधा. मग ईमेलवर क्यूआर कोड येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, दारात नेट दगा देतं.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. पहिली जागा म्हणजे सर्च इंजिन. म्युझियमचं नाव टाकलं की वर जाहिरातीत दुसऱ्याच कुणाची तरी तिकीटविक्री दिसते. फुकटच्या प्रवेशाला एक ऑडिओ फाइल जोडून ती १५-२० पौंडांना विकलेली असते. कार्डाचा नंबर मागितला की थांबा. देणगी शून्य असेल तर कार्ड लागतच नाही.

दुसरी जागा गिफ्ट एडची. पैसे देऊन पाहायच्या ठिकाणी तिकिटाचे दोन दर दिसतात, एक देणगीसह आणि एक देणगीशिवाय. देणगीसहचा दर वर, ठळक अक्षरांत असतो. गिफ्ट एड ही ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यांसाठीची सोय आहे. त्यांनी सही केली की संस्थेला सरकारकडून वरचे पैसे मिळतात. भारतातून फिरायला आलेल्या माणसाने त्या चौकटीत खूण करूच नये, आणि तिकीट देणगीशिवायचं घ्यावं. काउंटरवर ‘विदाउट डोनेशन, प्लीज’ एवढं म्हटलं की पुरतं. कोणी वाकडं पाहत नाही.

दारातल्या काचेच्या पेट्या आणि कार्ड टेकवायची यंत्रं हा वेगळा विषय. त्यावर ‘५ पौंड’ लिहिलेलं असतं, ती विनंती आहे, सक्ती नाही. द्यावंसं वाटलं तर जाताना द्या, पाहून झाल्यावर. खिशात उरलेली चिल्लर टाकायला याहून चांगली जागा नाही.

कधी जायचं

शुक्रवार राखून ठेवा. ब्रिटिश म्युझियम रोज १० ते ५ असतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. नॅशनल गॅलरी रोज १० ते ६, शुक्रवारी ९ पर्यंत. व्ही अँड ए रोज पावणेसहापर्यंत, शुक्रवारी १० पर्यंत. म्हणजे शुक्रवारी दिवसा बागा, पूल, नदीकाठ करून संध्याकाळी पाचनंतर म्युझियम गाठता येतं. शाळांच्या सहली तोवर गेलेल्या असतात. सहलींची बस येण्याची वेळ सकाळी साडेदहा ते अकरा, आणि परत जाण्याची दोन-अडीच. ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारीच्या मध्यावर आणि मेअखेर शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यांत डायनोसॉरच्या वाटेला जाऊ नका.

सोमवारी काही छोटी म्युझियमं बंद असतात. २४ ते २६ डिसेंबर तर जवळपास सगळंच बंद, आणि २५ तारखेला शहरात ट्यूब आणि बसही नसते. नाताळात लंडन ‘गाठणाऱ्या’ सहलींना हे उशिरा कळतं.

सामान आणि पाणी

विमानातून उतरून हॉटेलची खोली मिळेपर्यंत म्युझियम करू, हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात ब्रिटिश म्युझियम चाकांची बॅग आवारातच घेत नाही. बाकीच्या ठिकाणीही मोठी बॅग घेऊन आत सोडत नाहीत, आणि जिथे क्लोकरूम आहे तिथे आकाराची मर्यादा असते. स्टेशनवर सामान ठेवायचा खर्च चार जणांच्या जेवणाएवढा होतो. आधी हॉटेलच्या रिसेप्शनवर बॅगा ठेवा. खोली तयार नसली तरी सामान ते सहसा ठेवून घेतात.

दारात बॅग उघडून दाखवावी लागते. जितकी लहान बॅग तितकी रांग छोटी, आणि काही ठिकाणी बिनबॅगवाल्यांची रांगच वेगळी असते. नॅशनल गॅलरीत आंदोलकांनी चित्रांवर सूप फेकण्याचे प्रकार झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये द्रवपदार्थ आत न्यायला बंदी आली, अपवाद बाळाचं दूध आणि औषधांचा. तिथे जाताना बाटली रिकामी न्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, आत भरून घेता येतं. दोन पौंडांची पाण्याची बाटली लंडनमध्ये विकत घेणं हा शुद्ध अपव्यय आहे.

साउथ केन्सिंग्टन: एका स्टेशनावर तीन

नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्ही अँड ए ही तिन्ही म्युझियमं एकमेकांना लागून आहेत. स्टेशन साउथ केन्सिंग्टन. वर रस्त्यावर न येता स्टेशनातूनच एक लांब भुयारी वाट निघते, ती थेट म्युझियमांशी नेते. पावसात आणि बाबागाडी असेल तेव्हा तीच धरा.

मुलं बरोबर असतील तर नॅचरल हिस्टरीला १० चीच वेळ घ्या आणि आत गेल्यागेल्या डायनोसॉर गाठा. त्या दालनाची अरुंद एकेरी वाट आहे, अकरानंतर तिला वेगळी रांग लागते. मुख्य दार क्रॉमवेल रोडवर. तिथली रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर वळसा घालून एक्झिबिशन रोडच्या दाराकडे जा. तिथे बहुधा कमी गर्दी असते, आणि सरकता जिना धातूच्या एका प्रचंड पृथ्वीगोलाच्या पोटातून वर नेतो. मुलांना निळ्या देवमाशाच्या सांगाड्याइतकंच हेही आवडतं. तो सांगाडा मधल्या मोठ्या हॉलमध्ये छताला टांगला आहे. त्याच्याखाली उभं राहण्यापेक्षा जिना चढून वरच्या सज्जातून पाहा, डोकं आणि जबडा तिथून समोर येतो.

सायन्स म्युझियममध्ये अवकाश, विमानं, वाफेची इंजिनं हे सगळं फुकट. मुलांसाठी प्रयोगांचं वंडरलॅब नावाचं दालन मात्र पैशाचं आहे. त्याचं दार मोठं, रंगीत असतं आणि मुलं तिथेच अडून बसतात. जायचं नसेल तर तो मजलाच टाळा. बरोबर आणलेला डबा खायला सायन्स म्युझियममध्ये जागा ठेवलेली आहे.

डब्याबद्दल जरा सविस्तर, कारण बचत खरी इथेच आहे. चार जणांचं म्युझियमच्या कॅफेतलं दुपारचं खाणं ५० पौंडांच्या घरात सहज जातं. सुपरमार्केटमध्ये ‘मील डील’ असते, म्हणजे सँडविच किंवा रॅप, चिप्स किंवा फळ आणि एक पेय, हे सगळं मिळून चार-साडेचार पौंड. दुकानाचं मोफत सदस्यकार्ड असेल तर दर कमी लागतो. काही दुकानं त्यासाठी ब्रिटनमधला पत्ता विचारतात. शाकाहारी माणसाने शेल्फवर ‘व्ही’ची खूण पाहावी. अंडं शाकाहारी सँडविचमध्ये मोकळेपणाने असतं, त्यामुळे घटकही वाचावेत. दुपारी दीडनंतर शाकाहारी रॅप संपलेले असतात, म्हणून सकाळीच घेऊन ठेवा. घरून न्यायचं असेल तर दशमी, थेपले, चटणी-पोळीची गुंडाळी उत्तम. रसभाजीचा डबा नको. बॅग तपासणीत ती आडवी होते आणि तेलाचा डाग उरलेला दिवस सोबत करतो.

व्ही अँड एच्या मधल्या अंगणात उथळ, लंबगोल पाणवठा आहे. उन्हाळ्यात लंडनची मुलं त्यात खुशाल पाय घालून खेळतात, काठावर आईबाप बसलेले असतात. कॅफेच्या तीन जुन्या सजवलेल्या खोल्या आहेत, म्युझियममधलं जगातलं पहिलं रेस्टॉरंट म्हणून त्यांची ओळख आहे. तिथे एक चहा घेऊन बसलात तर तो खर्च माफ.

वाघनखांबद्दल आणि भारतीय वस्तूंबद्दल

मराठी माणूस व्ही अँड एमध्ये शिरला की पहिला प्रश्न वाघनखांचा. ती तूर्त तिथे नाहीत. जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर ती महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) असलेल्या जेम्स ग्रांट डफकडे ती होती, पुढे त्याच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. ती महाराजांनी अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच का, हे सिद्ध करता येत नाही असं व्ही अँड ए स्वतःच सांगतं. लंडनच्या काउंटरवर यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, तिथल्या माणसाला ते माहीत असतं.

टिपूचा वाघ, म्हणजे इंग्रज शिपायाच्या नरड्यावर बसलेला लाकडी वाघ, हाही याच संग्रहातला. त्याच्या पोटात बाजाच्या पेटीसारखं वाद्य आहे. दक्षिण आशियाची दालनं दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर बंद दालनांची यादी पाहून घ्या. एवढ्यासाठी आईबाबांना घेऊन गेलात आणि दारावर पडदा दिसला, तर दिवसाची चव जाते.

व्ही अँड एचं एक वेगळंच ठिकाण मे २०२५ मध्ये पूर्व लंडनच्या ऑलिम्पिक पार्कात उघडलं आहे, व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस. हे म्युझियमचं चक्क गोदाम आहे. रॅकवर, लाकडी खोक्यांत ठेवलेल्या वस्तूंमधून आपण हिंडायचं, प्रवेश फुकट. सतराव्या शतकातली आग्र्याची संगमरवरी कमानदार खांबरांग तिथे उभी केलेली आहे. पण खरी गंमत पुढे आहे. ऑनलाइन यादीतून पाच वस्तूंपर्यंत निवडून त्या आपल्यासाठी बाहेर काढून ठेवायला सांगता येतं, तेही फुकट. किमान दोन आठवडे आधी नोंदणी करावी लागते. सहलीची तारीख पक्की झाली की विमानाच्या तिकिटापाठोपाठ हेच काम करा. संग्रहाच्या शोधचौकटीत पुणे, बॉम्बे, पैठण, मराठा असे शब्द इंग्रजीत टाकून पाहा. जुनी स्पेलिंगंही टाका, कारण नोंदी कितीतरी जुन्या आहेत. ‘पूना’ला जे सापडतं ते ‘पुणे’ला सापडत नाही. फार मोठ्या किंवा नाजूक वस्तू मागता येत नाहीत. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रचंड नकला या संग्रहात आहेत. बऱ्याच १८८५च्या आगीत गेल्या. उरलेल्या मागवून टेबलावर पसरायच्या आकाराच्या नाहीत. कापड, दागिना, छायाचित्र, लहान चित्र असं मागा.

ब्रिटिश म्युझियम दोन तासांत

ग्रेट रसेल स्ट्रीटचं मोठं दार फोटोत दिसतं, म्हणून सगळी गर्दी तिथे. मागच्या बाजूला माँटेग्यू प्लेसवर दुसरं दार आहे, रांग बहुतेक वेळा आखूड. त्या दारापासून ३३ नंबरचं चीन आणि दक्षिण आशियाचं दालन जवळ पडतं, त्याला लागून ३३अ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. पांढरट दगडातलं इतकं दाट कोरीवकाम भारतातही एका जागी फार ठिकाणी पाहायला मिळत नाही. तरी तिथे बाकावर बसायला जागा असते, कारण सगळे रोझेटा शिळेपुढे असतात, म्हणजे इजिप्तची चित्रलिपी जिच्यामुळे वाचता आली त्या शिळेपुढे.

रोझेटा शिळा ४ नंबरमध्ये आहे, काचेत, तीन रांगांच्या गर्दीमागे. फोन उंच धरून फोटो काढला की त्यात काचेचं प्रतिबिंब आणि दहा हात येतात. एकदा लांबून पाहा, मग समोरच्या बाजूला १ नंबरच्या दालनात जा. तिथे तिची हुबेहूब प्रतिकृती उघडी ठेवली आहे. तिच्यावर हात फिरवता येतो, तिन्ही लिपी जवळून वाचता येतात, आणि गर्दी जवळजवळ नसते. काही दालनांत स्वयंसेवक टेबल मांडून बसतात आणि जुनं नाणं, मातीचा दिवा अशा खऱ्या वस्तू हातात देतात. ती पाटी दिसली की थांबा.

दालनांत फुकटच्या छोट्या सहलीही होतात, साधारण अर्धा-पाऊण तासाच्या, जाणकार स्वयंसेवक बोलतात. वेळा त्या दिवशीच्या फलकावर असतात. ऑडिओ गाइड भाड्याने घेण्याऐवजी हे घ्या. नॅशनल गॅलरीत आणि व्ही अँड एमध्येही असंच चालतं. हेडफोन न्याच. ब्लूमबर्ग कनेक्ट्स नावाच्या मोफत ॲपमध्ये बऱ्याच म्युझियमांची माहिती मिळते, वायफाय आत फुकट असतं.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर माहिती कक्षात घडीचं स्टूल मागा. मोठ्या म्युझियमांत ते बिनपैशांत मिळतं, काखेत मारून फिरायचं, चित्रासमोर उघडून बसायचं. चाकांची खुर्चीही उसनी मिळते. आधी कळवलं तर बरं. मागण्यात संकोच कसला?

गर्दी नको असेल तर

सर जॉन सोन यांचं घर, १३ लिंकन्स इन फील्ड्स. हा वास्तुरचनाकार १८३७ साली वारला. घर आणि संग्रह आहे तसा राहावा, म्हणून त्याने जिवंतपणीच, १८३३ मध्ये, संसदेकडून कायदा करून घेतला होता. बुधवार ते रविवार, १० ते ५, फुकट. एका वेळी मोजकीच माणसं आत घेतात. बाहेर छोटी रांग लागते, ती पुढे सरकते. बॅग दारातच मिळणाऱ्या पारदर्शक पिशवीत घालून हातात धरायची, कारण खांद्यावरच्या बॅगेचा धक्का दोन हजार वर्षांपूर्वीच्या तुकड्याला लागू शकतो, इतक्या अरुंद वाटा आहेत. तळघरात इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची दगडी शवपेटी आहे. पण चुकवू नये ती चित्रांची खोली. एवढीशी खोली, आणि भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या बिजागऱ्यांवर बसवलेल्या. ठरावीक वेळाने तिथला कर्मचारी कडी काढून त्या उघडतो, आत आणखी चित्रं, त्यामागे आणखी. भिंती बंद दिसल्या तर निघून जाऊ नका, पुढची वेळ विचारा आणि घरात दुसरीकडे फिरून या.

मँचेस्टर स्क्वेअरमधलं वॉलेस कलेक्शन रोज १० ते ५, फुकट. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खरेदीतून पाच-सात मिनिटांवर. कंटाळलेल्या नवऱ्यांनी पिशव्या घेऊन दुकानाबाहेर उभं राहण्यापेक्षा इथलं शस्त्रागार पाहावं. त्यात भारतीय तलवारी-कट्यारींचं मोठं दालन आहे. बँक ऑफ इंग्लंडचं म्युझियम फक्त सोमवार ते शुक्रवार. तिथे काचेच्या पेटीत हात घालून १३ किलोची सोन्याची वीट उचलून पाहता येते, उचलली जाते, बाहेर निघत नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या खजिना दालनात मॅग्ना कार्टा, राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी जुनी सनद. गिल्डहॉल आर्ट गॅलरीच्या तळघरात रोमन रंगमंडलाचे अवशेष. हेंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम कोलिंडेल स्टेशनवरून चालत, विमानवेड्या मुलांसाठी अख्खा दिवस. सगळी फुकट.

ग्रीनिचला मेरिटाइम म्युझियम आणि क्वीन्स हाउस फुकट, टेकडीवरची वेधशाळा आणि कटी सार्क जहाज पैशाचं. शून्य रेखावृत्तावर दोन पाय ठेवून फोटो काढण्यासाठीच लोक वेधशाळेचं तिकीट काढतात. आवाराच्या भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही ती रेघ धातूच्या पट्टीने दाखवलेली आहे, तिथे पैसे पडत नाहीत.

जाण्यायेण्याचे पैसे

२०२५च्या दरांनी बसचा एक प्रवास १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढेच. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. मध्य लंडनमधला ट्यूबचा प्रवास यापेक्षा महाग पडतो. साउथ केन्सिंग्टनहून ब्रिटिश म्युझियमकडे १४ नंबरची बस नाइट्सब्रिज, पिकॅडिली दाखवत नेते. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर सहलकंपनीच्या बसचं काम भागतं.

चुका ठरलेल्या असतात. दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाला वेगळं हवं. सकाळी कार्ड टेकवलं आणि संध्याकाळी त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्रणा त्यांना दोन वेगळी माणसं समजते, आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा (जिच्यापुढे पैसे कापत नाहीत) दोघांत विभागून वाया जाते. ट्यूबमध्ये बाहेर पडतानाही टेकवायचं, विसरलात तर सगळ्यात मोठं भाडं कापतात. बसमध्ये फक्त चढताना. भारतीय कार्डावर प्रत्येक व्यवहाराला परकीय चलनाची वरकड लागते, बँकेला आधी विचारा. नाहीतर ऑयस्टर हे लंडनच्या प्रवासाचं कार्ड घेऊन त्यात एकदाच पैसे भरा. ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट. ११ ते १५ वयाच्या मुलांच्या ऑयस्टरवर स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून १४ दिवसांची अर्ध्या दराची सवलत चढवून घेता येते. ती आपोआप लागत नाही, मुलाला आणि कार्डाला घेऊन जाऊन मागावी लागते.

पैसे देऊनच पाहायचं असेल तर

लंडनमध्ये शिकणाऱ्यांनी पहिलं काम करावं ते टेट कलेक्टिव्हचं. वय १६ ते २५, नोंदणी फुकट, मग टेटच्या मोठ्या प्रदर्शनांचं तिकीट ५ पौंडांना. विद्यार्थी असण्याचीही अट नाही. आर्ट फंड या संस्थेचा नॅशनल आर्ट पास वर्षाचा असतो, विद्यार्थ्यांना बराच स्वस्त, आणि तो दाखवला की बहुतेक मोठ्या प्रदर्शनांचं तिकीट निम्मं होतं. वर्षात चार-पाच प्रदर्शनं पाहणार असाल तर पासाचे पैसे वसूल होतात, आठवड्याच्या पाहुण्याचे नाही.

दोघं जाणार असाल तर नॅशनल रेलची ‘एकावर एक’ योजना पाहा. रेल्वेच्या तिकिटावर काही पैशाच्या ठिकाणी दुसरं तिकीट फुकट मिळतं. मात्र ट्यूबला टेकवलेलं कार्ड किंवा ऑयस्टर त्यासाठी ग्राह्य नाही, त्या दिवसाचं रेल्वेचं खरं तिकीट आणि योजनेचं व्हाउचर दोन्ही लागतं. टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर आहे, त्याचं तिकीट शहरातल्या महागड्या तिकिटांपैकी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी आर्थिक मदत) मिळणाऱ्या कुटुंबांना तेच १ पौंडात मिळतं, पण आधी ऑनलाइन काढावं लागतं. कॉव्हेंट गार्डनमधल्या ट्रान्सपोर्ट म्युझियमचं तिकीट एकदा काढलं की वर्षभर चालतं. पावती फेकू नका.

चॉक फार्मचं घर

१० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म स्टेशनला उतरून थोडं चालायचं. ट्यूबची ही लाइन पुढे दोन फाट्यांत जाते, एजवेअरच्या गाडीत बसा, हाय बार्नेटची गाडी कॅम्डनवरून दुसरीकडे वळते. हे घर राहत्या वस्तीतल्या रांगेतलं आहे. दारासमोर रस्ता अडवून मोठमोठ्याने फोटो काढू नका, स्मारक करायला शेजारच्यांचा विरोध झाला होता आणि परवानगीचा खटला २०२० पर्यंत चालला. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासा, मोठा गट असेल तर आधी कळवा.

लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये जिथे राहिले ते १० हाउली प्लेस, आणि सावरकर जिथे राहिले ते हायगेटमधलं इंडिया हाउस, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, या दोन्ही घरांवर निळ्या गोल पाट्या आहेत. तिथे आत लोक राहतात, बेल वाजवायची नाही. पाटी पदपथावरून वाचता येते. समोरच्या पदपथावरून फोटो काढा, भिंतीशी गेल्यास पाटी तिरकी येते.